दहा बाय बाराच्या खोलीसाठी जुने स्पीकर

दहा बाय बारा फुटांची खोली. ऐकायची खुर्ची स्पीकरपासून जेमतेम दोन मीटरवर. ऐकायचं ते प्रामुख्यानं ख्याल, नाट्यसंगीत, भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांत हेच चित्र असतं, म्हणून तेच धरून लिहितो. अशा खोलीला पाच ते साडेसहा इंची वूफर आणि एक इंची ट्वीटर असलेली, शेल्फवर मावणारी जोडीच शोभते. ती वापरलेली घेतली, तर नव्या साध्या जोडीच्या पैशांत दोन पायऱ्या वरची जोडी मिळते. अट एवढीच की नीट तपासून घ्यायची, आणि ही तपासणी घरगुती साधनांनी कुणालाही जमते.

जुना मोबाइल घेऊ नये असं आपण सहज म्हणतो. स्पीकरला ते लागू होत नाही, कारण स्पीकरचं तत्त्व शंभर वर्षांत बदललेलं नाही. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, त्याला जोडलेला शंकू, वेटोळ्यातून आवाजाचा विद्युतप्रवाह गेला की शंकू पुढेमागे हलतो, ही रचना जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडली. आजही बहुतेक स्पीकर याच रचनेवर चालतात. अडचण होती ती पेटीची. खर्जाचे स्वर हवे असतील तर कपाटाएवढी पेटी लागायची. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी एआर-१ हा स्पीकर आणला. त्यात हवाबंद पेटीतली हवाच शंकूची स्प्रिंग म्हणून काम करत होती, त्यामुळे पेटी एकदम आटोपशीर झाली. पुढे १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी, कुठल्या वूफरला किती लिटरची पेटी आणि तिच्यातल्या हवेच्या वाटेसाठी किती लांबीची नळी लागेल याचं गणित बसवून दिलं. तोवर पेटी बरीचशी अंदाजानं बांधली जाई, त्यानंतर ती हिशेबानं बांधता येऊ लागली. म्हणून १९८५ची किंवा २००५ची मन लावून बनवलेली जोडी आजच्या जोडीपुढे फारशी मागे पडत नाही. मागे पडतात ते तिचे काही भाग, आणि ते कोणते हे आपल्याला आधीच ठाऊक असतं.

लहान पेटीतून काय साधतं याचा उत्तम नमुना बीबीसीच्या अभियंत्यांनी सत्तरच्या दशकात तयार केला. स्टुडिओबाहेरच्या प्रक्षेपणासाठी ते व्हॅन वापरत. त्या व्हॅनमध्ये मोठ्या मॉनिटरला जागाच नसे. मग त्यांनी फूटभर उंचीचा, जेमतेम पाच लिटरचा एलएस ३/५ए तयार केला. तळाचा खर्ज त्यांनी जाणूनबुजून सोडला आणि सगळी ताकद लावली ती माणसाचा आवाज माणसासारखा यावा यासाठी. पुढे अनेक कंपन्यांनी परवाना घेऊन तो बनवला. आज संग्राहक त्याला इतकी किंमत देतात की आपल्या हिशेबात तो बसत नाही. पण त्यामागची निवड आपल्या खोलीलाही तंतोतंत लागू पडते: जागा लहान असेल तर मधला पट्टा सांभाळा.

आता प्रश्न येतो, खर्ज सोडायचा म्हणजे किती? आपल्या संगीतात याचं उत्तर स्वरांतच सापडतं. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज साधारण १३८ हर्ट्झवर असतो. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झवर. गायिका काळी चारमध्ये गात असेल तर षड्ज २०८ आणि खर्ज १०४. म्हणजे ६० ते ६५ हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी उतरणारा स्पीकर आपल्या गाण्याचा जवळजवळ सगळा पसारा कवेत घेतो, आणि पाच इंची वूफरची नीट बांधलेली पेटी तिथवर उतरते. शिवाय कान मदतीला असतोच. ६९ हर्ट्झचा मूळ स्वर क्षीण असला तरी १३८, २०७, २७६ हे त्याचे वरचे अंश ऐकून कान खालचा स्वर आपोआप जुळवून घेतो. ४० हर्ट्झच्या खालचं जग पाइप ऑर्गनचं, इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचं आणि सिनेमातल्या स्फोटांचं आहे. ते ज्यांना हवं त्यांनी खुशाल वेगळा विचार करावा. पण ख्याल ऐकणाऱ्यानं ‘बास किती आहे?’ हा पहिला प्रश्न करू नये असं मी आग्रहानं सांगेन.

लहान खोली तर जास्तीचा बास सोसतही नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीची लाट उभी राहते. भिंतींतलं अंतर लाटेच्या निम्म्या लांबीएवढं झालं की तो स्वर फुगतो. दहा फुटांच्या अंतराला हा स्वर ५७ हर्ट्झच्या आसपास येतो, बारा फुटांना ४७च्या, आणि साडेनऊ फुटांच्या छताला ५९च्या. म्हणजे खोली स्वतःच या पट्ट्यात आवाज वाढवून देते. त्यात आठ इंची वूफरचा दणकट स्पीकर ठेवला की डग्ग्याचा घुमारा एकाच सुरात ओढल्यासारखा येतो. मींड काढली तरी वर-खाली न होता तो एका जागी गुंजत राहतो. खोली दहा बाय दहा असेल तर परिस्थिती आणखी बिकट, कारण दोन्ही दिशांचा फुगवटा एकाच स्वरावर येऊन बसतो. अशा चौरस खोलीत मी हवाबंद पेटीचा स्पीकर आधी शोधेन. त्याचा खर्ज हळूहळू उतरतो आणि खोलीचा फुगवटा ती उतरण भरून काढतो.

वॉटच्या आकड्यांवर तर फार वेळ घालवूच नये. स्पीकरची संवेदनशीलता ८६ डेसिबल लिहिलेली असेल तर एका वॉटला एक मीटरवर एवढा आवाज मिळतो. आपण घरात ७० ते ७५ डेसिबलवर ऐकतो, म्हणजे बहुतांश वेळ वॉटचा काही अंशच खर्च होत असतो. तबल्याची थाप त्याच्या वर पंधरा डेसिबल उडाली तरी तीन-चार वॉट पुरतात. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल. वीस-तीस वॉटचा खराखुरा अँप्लिफायर या खोलीला भरपूर झाला. जुन्या डब्यांवर छापलेले पीएमपीओचे हजारांतले आकडे डोळ्यांआड करावेत, त्यांना मोजमापाचा कसलाच आधार नाही.

बाजारात काय मिळतं? मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि चोर बाजार, पुण्यात जुना बाजार ही ठिकाणं सर्वांना माहीत आहेत, पण चांगल्या जोड्या बहुधा घरांतूनच निघतात. घर बदललं, टीव्हीखाली साउंडबार आला, किंवा मुलं परदेशी गेली की वडिलांची जोडी पोटमाळ्यावर जाते आणि कधीतरी विक्रीला येते. १९९१च्या आधी परदेशी स्पीकर आयात करणं अवघड होतं, त्यामुळे त्या काळातल्या जोड्या कलकत्त्याच्या सोनोडाइनसारख्या देशी कंपन्यांच्या असतात, नाहीतर आखाती देशांतून सामानाबरोबर आलेल्या जपानी. त्यानंतरच्या काळात व्हार्फडेल, मिशन, टॅनॉय, जेबीएल इकडे सहज मिळू लागले. व्हार्फडेलची डायमंड मालिका ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. तिच्यातला डायमंड ९.१ पाच इंची वूफरचा आहे आणि अशा खोलीसाठी तो मला फार योग्य वाटतो. मात्र नावावर भुलू नये. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी एक प्रयोग केला होता. श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा पाहून आणि एकदा पडद्याआड ऐकवले. दोन्ही वेळा दिलेले गुण वेगवेगळे आले. डोळ्यांना जे दिसलं त्यानं कानांचा कौल बदलला. म्हणून विकणाऱ्याकडे ऐकताना डोळे मिटावेत.

काही गोष्टी मात्र स्वस्त मिळाल्या तरी सोडून द्याव्यात. थ्री-इन-वन किंवा मिनी सिस्टीमबरोबर आलेले स्पीकर बाहेरून तीन-तीन गोल दाखवतात, पण उचलले की हलके लागतात. आत क्रॉसओव्हरच्या, म्हणजे वूफर आणि ट्वीटरला आवाज वाटून देणाऱ्या सर्किटच्या, नावाखाली एकच कपॅसिटर असतो आणि तिसरा गोल कित्येकदा नुसता शोभेचा. होम थिएटरच्या संचातले मुठीएवढे स्पीकर खाली फारसे उतरतच नाहीत, खालचं सगळं काम त्यांनी सबवूफरवर सोपवलेलं असतं. ते सुटे घेतले तर पुरुषाच्या आवाजातला छातीचा भागच नाहीसा होतो. स्वतःचा अँप्लिफायर पोटात असलेले स्टुडिओ मॉनिटर चांगले असतात आणि वेगळ्या अँप्लिफायरचा खर्च वाचवतात, पण जुने घेताना आतल्या सर्किटचं वय आपल्या गळ्यात पडतं. काही वाजत नसताना कान लावून गुणगुण ऐकावी, आणि पाऊण तास चालू ठेवून मगच पैसे द्यावेत.

आता प्रत्यक्ष तपासणी. हा भाग सगळ्यात मोलाचा आहे, इथे घाई करू नये.

पुढची जाळी काढायला लावा. विकणारा काढायला तयार नसेल तर तिथूनच परत फिरा. शंकूच्या बाहेरच्या बाजूला जी लवचिक कड असते ती फोमची आहे की रबराची, हे आधी पाहायचं. फोम दहा-पंधरा वर्षांत आपोआप विरतो, मग स्पीकर वाजवलेला असो वा नसो. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत तर त्याआधीही. बोटानं हलकेच स्पर्श केला की जुन्या पापडासारखा त्याचा चुरा होतो. रबर कितीतरी जास्त टिकतं, फक्त ते कडक झालेलं किंवा भेगाळलेलं नाही ना हे पाहावं. फोम गेलेली जोडी लगेच नाकारायची गरज नाही. नेमक्या मापाची कड मिळाली तर जाणकार कारागीर ती बसवून देतो, आणि अशी जोडी फार कमी पैशांत हाती येते. फक्त तो खर्च आधी विचारून किमतीतून वजा करावा.

कड बदलणं वेगळं आणि बाजारात मिळेल तो शंकू आणि कॉइल घालून अख्खा वूफर ‘रिकोन’ करणं वेगळं. वर थील आणि स्मॉल यांचं गणित सांगितलं ते इथे आडवं येतं. पेटीचं आकारमान आणि नळीची लांबी मूळ शंकूच्या वजनावर आणि ताणावर बेतलेली असते. शंकू बदलला की ते सगळं निसटतं. नाव तेच राहतं, आवाज दुसराच येतो. दोन वूफरच्या शंकूंचा रंग, पोत किंवा मधली टोपी थोडीही निराळी दिसली तर मी ती जोडी घेत नाही. मागच्या चिठ्ठीवरचे अनुक्रमांक एकच किंवा लगतचे असले तर उत्तम.

मग दोन्ही अंगठे आणि तर्जन्या शंकूवर समान अंतरावर ठेवून तो अगदी हळू आत दाबायचा. शंकू सरळ आत जाऊन सरळ परत यावा, आतून खरखर ऐकू येऊ नये. खरखर म्हणजे कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आहे. कधी गंजामुळे, कधी जास्त वाजवून जळल्यामुळे. असा वूफर सोडून द्यावा. ट्वीटरच्या घुमटाला मात्र बोट लावायचं नाही, नुसतं पाहायचं. तो आत दबलेला असेल तर घरातल्या लहान मुलानं कधीतरी आपलं काम केलेलं आहे. कापडी घुमट पूर्ववत होऊ शकतो, धातूचा सहसा नाही.

खिशात दीड व्होल्टचा एक सेल आणि दोन तारा ठेवाव्यात. सेलचं धन टोक लाल टर्मिनलला आणि ऋण टोक काळ्याला क्षणभर टेकवलं की वूफर टक् आवाज करून पुढे सरकायला हवा. दोन्ही स्पीकरमध्ये तो एकाच दिशेनं सरकला पाहिजे. एक पुढे आणि दुसरा मागे जात असेल तर कुणीतरी दुरुस्तीत तारा उलट जोडल्या आहेत. दोष किरकोळ, पण माहीत हवा. मल्टिमीटर असेल तर आणखी चांगलं. आठ ओहमच्या स्पीकरला मीटर साडेपाच ते सातच्या दरम्यान आकडा दाखवतो, चार ओहमच्याला तीन ते साडेतीनच्या आसपास. काहीच आकडा आला नाही तर तार किंवा कॉइल तुटलेली आहे. ही मोजणी फक्त वूफरची होते, कारण ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो. ट्वीटर कानानंच तपासावा लागतो: आवाज बारीक ठेवून एकेका ट्वीटरला कान लावायचा, दोन्ही सारखेच सळसळले पाहिजेत. एक मंद असेल तर क्रॉसओव्हरमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळला असण्याची शक्यता असते. तो बदलणं स्वस्त आहे, मात्र दोन्ही पेट्यांतले एकदमच बदलावेत.

पेटी उलटी करून तळ पाहायला विसरू नये. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड ओलीनं फुगतं, कोपरे उलतात, वरचा पापुद्रा सुटतो. पावसाळ्यात जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरची ही ठरलेली गत आहे. वाळवीची बारीक भोकं किंवा तळाशी लाकडाचा भुसा दिसला तर ती जोडी घरातच आणू नये. पुस्तकांच्या कपाटाशेजारी तर मुळीच नको.

ऐकण्याची परीक्षा स्वतःच्या फोनवरून घ्यावी, विकणाऱ्याच्या आवडत्या गाण्यांवरून नाही. मोबाइलमधल्या एखाद्या टोन जनरेटरवर मध्यम आवाजात ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत सावकाश वर जावं. सैल स्क्रू, निघालेला सांधा, फाटलेली कड, जे काही असेल ते कुठल्यातरी एका स्वरावर खडखडतंच. मग माणसाचा आवाज. घरातल्या कुणाचं तरी दोन मिनिटांचं बोलणं आधीच फोनवर मुद्रित करून न्यायचं आणि शक्य असेल तर त्या व्यक्तीलाच बरोबर न्यायचं. स्पीकरमधून येणारा आवाज आणि शेजारी उभ्या माणसाचा आवाज यांतला फरक कुठल्याही तज्ज्ञाशिवाय कळतो. ‘स’ आणि ‘श’ टोचतात का, ‘प’ आणि ‘ब’ फुगतात का, नाकात बोलल्यासारखं वाटतं का, एवढंच पाहायचं. हेच बोलणं मोनोत दोन्ही स्पीकरवर लावलं की आवाज दोन्ही पेट्यांच्या बरोबर मध्यावर, हवेत एका जागी उभा राहायला हवा. तो एका बाजूला ओढला जात असेल तर दोन स्पीकर सारखे राहिलेले नाहीत.

शेवटी तानपुरा. नीट जुळलेल्या तानपुऱ्याची जवारी हा ट्वीटरचा आणि क्रॉसओव्हरचा कस आहे. एकेका तारेतून वरच्या अंशांची जी झालर उलगडत जाते, ती गायक गात असतानाही मागे अखंड जाणवली पाहिजे. स्पीकर मंद असेल तर ती गायकाच्या आवाजाखाली पुसली जाते, आणि तीक्ष्ण असेल तर पत्र्यासारखी किणकिणते. तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ आणि मैदानावरचा ‘तीं’ वेगळे ओळखू आले, की मधला पट्टाही ठीक आहे असं समजावं.

जोडी घरी आणल्यावर निम्मं काम उरतं, ते जागेचं. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा. दोन स्पीकर आणि खुर्ची यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा, लहान खोलीत दीड-पावणेदोन मीटरची बाजू पुरते. लोखंडी कपाटावर स्पीकर ठेवू नये, पत्रा बरोबरीनं गातो. कडप्प्याचं फडताळ असेल तर स्पीकर त्याच्या पुढच्या कडेशी आणावा आणि खाली रबराचे तुकडे द्यावेत. आत ढकलला तर फडताळाचा कोनाडा आवाज कोंडून धरतो. मागच्या बाजूला नळी असलेला स्पीकर भिंतीपासून फूटभर तरी पुढे हवा. तेवढी जागा नसेल तर नळीत एक स्वच्छ मोजा गुंडाळून घालावा, खर्जाचा फुगवटा लगेच उतरतो. खुर्चीही मागच्या भिंतीला टेकवू नये, भिंतीजवळ बास सर्वांत जास्त साचतो. दीड फूट पुढे सरकून पाहावं.

सिमेंटच्या उघड्या भिंती आणि खाली गुळगुळीत फरशी असेल तर खोलीच्या मध्ये उभं राहून टाळी वाजवावी. मागे झणझण उरली तर ती प्रत्येक तानेच्या मागेही उरणार. स्पीकर आणि खुर्चीच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी, खिडकीला दुपदरी पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांची मांडणी एवढ्यानं बराच फरक पडतो. ही व्यवस्था झाल्याशिवाय स्पीकर बदलण्याचा विचार करू नये. पावसाळ्यात जोडीवर प्लास्टिक घालू नये, आत ओल धरते आणि कागदी शंकूवर बुरशी येते. सुती कापड पुरे, आणि आठवड्यातून दोन-तीनदा तासभर वाजवणं.